माळ्यावरचा वेताळ: जुन्या कॉमिक्सची किंमत आणि आपला डेटा



पीएचडीच्या मुलाखतीला बसलात की एक प्रश्न हमखास येतो: "तुमचा डेटा कुठून येणार?" त्याची तयारी सगळेच करून जातात. दांडी उडते ती पुढच्या प्रश्नाला: "आणि जो डेटा तुमच्यापर्यंत येणारच नाही, त्याचं काय?" आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितेय. उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही, घरातलं आहे. इंद्रजाल कॉमिक्सच्या जुन्या अंकांचं.

निमित्त झालं एका लेखाचं. तो व्हॉट्सॲपवरून कदाचित तुमच्याकडेही येऊन गेला असेल. तुमच्या माळ्यावर लाखो रुपये धूळ खात पडलेत, अशा अर्थाचा. लेखकाचं नाव नव्हतं, आणि असे लेख एक नाही, अनेक फिरतात. पण सगळ्यांचा सांगाडा एकच असतो. एक, अमेरिकेत एक कॉमिक कोट्यवधींना विकलं गेलं. दोन, आपली जुनी कॉमिक्ससुद्धा आता मिळत नाहीत. तीन, ऑनलाइन बघा, एकेका अंकाला हजारो रुपये सांगतायत. चार, म्हणजे भाव वाढतोच आहे आणि वाढतच जाणार.

वाचताना पटतं. मलाही पटलं होतं. म्हणून आधी माझी फजिती सांगते, मग या चार मुद्द्यांकडे वळू.

काकांची ट्रंक

माझे मोठे काका बदलापूरला राहतात. अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्य गेलं. शाळेपासून ते कॉमिक्स जमवायचे. पत्र्याच्या ट्रंकेत मराठी इंद्रजालचे दीडशेच्या आसपास अंक होते. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी तळमजल्यावरच्या घरात शिरलं तेव्हा ट्रंक खाटेखाली होती. मी तेव्हा तिसरीत होते. पाणी ओसरल्यावर बाबा आणि काका घमेली भरभरून कागदाचा लगदा बाहेर टाकत होते, एवढं मला स्पष्ट आठवतं. वरच्या थरातले ४३ अंक वाचले. ते दोरीवर वाळवले आणि माळ्यावर गेले.

गेल्या वर्षी काकांना डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. त्याच महिन्यात तो लेख आला. काकांनी मला फोन केला. "मुलाकडे मागायचं नाही मला. वेताळ देईल पैसे. तू रिसर्च करतेस ना, मग काढ बघू किंमत."

मी रसायनशास्त्रातली. पण आकडे म्हटलं की आपल्याला वाटतं, त्यात काय एवढं! विक्रीच्या साइट्सवर इंद्रजालचे अंक शोधायचे, सांगितलेली किंमत एक्सेलमध्ये भरायची, दर पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं. चार महिने केलं. सरासरीचा आलेख काढला आणि तो मस्त वर जात होता. काकांना फोटोसुद्धा पाठवला. मग प्रयोगशाळेतल्या एका सिनिअरला कौतुकाने दाखवला. तिने एकच विचारलं, "यातले विकले गेले किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो रकानाच मी केला नव्हता.

सांगितलेला भाव आणि पटलेला भाव

हा तिसरा मुद्दा मी आधी घेतेय, कारण लेखाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. बाजारात दोन भाव असतात. एक सांगितलेला, एक पटलेला. भाजीवाली ऐंशी सांगते, आपण साठला घेतो. साठ हा पटलेला भाव. कॉमिक्सच्या साइटवर आपल्याला दिसतो तो फक्त सांगितलेला. तो एका माणसाची इच्छा आहे. व्यवहार व्हायला दोन माणसं लागतात.

आता म्हणाल, ठीक आहे, सांगितलेला भाव जास्त असेल, पण आलेख वर जातोय म्हणजे काहीतरी वाढतंय ना? इथेच मी फसले. एक छोटं गणित करून बघा. आकडे मी सोयीसाठी घेतलेत.

समजा, एका अंकाच्या पाच प्रती विकायला आहेत. भाव ३००, ४००, ५००, १५०० आणि ३००० रुपये. सरासरी ११४०. पंधरा दिवसांत काय होईल? ३०० आणि ४०० वाल्या प्रती जातील, कारण घेणाराही शहाणा असतो. उरल्या तीन. त्यांची सरासरी साधारण १६६७. म्हणजे एकाही माणसाने एक रुपयाही भाव वाढवलेला नाही, आणि माझ्या आलेखात ४६ टक्के वाढ! जे खरोखर विकलं गेलं, ते माझ्या यादीतून गायब झालं. जे कोणी घेत नाही, ते मात्र दर पंधरा दिवसांनी पुन्हा पुन्हा मोजलं गेलं. मी बाजाराचा भाव मोजत नव्हते. न विकलेला माल मोजत होते.

याला निवडीचा दोष म्हणतात. पुस्तकात व्याख्या पाठ होते, पण स्वतःच्या आलेखात दिसल्याशिवाय तो कळत नाही. तुमच्या विषयातही हा बसलेला असतो. दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून आजाराचं प्रमाण काढताना, पास झालेल्यांवरून क्लासची गुणवत्ता काढताना, छापून आलेल्या पेपरांवरून एखादा परिणाम 'सिद्ध' मानताना.

अमेरिकेत हा प्रश्न काही प्रमाणात सुटला, कारण तिथे पटलेल्या भावांची नोंद ठेवली जाते. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किंमतसूची १९७० पासून निघते. मोठी लिलावगृहं विक्रीचे आकडे जाहीर करतात. २००० सालापासून सीजीसी ही संस्था अंक तपासून ०.५ ते १० मध्ये श्रेणी देते आणि प्लॅस्टिकच्या कवचात बंद करते. म्हणजे तिथे निदान 'कोणता अंक, कोणत्या अवस्थेत, कधी, कितीला' हे चार रकाने भरता येतात. मराठी इंद्रजालसाठी अशी सर्वमान्य सूची नाही. व्यवहार ओळखीत होतात, रोखीत होतात आणि तिथेच संपतात. लेखाने अमेरिकेचा निष्कर्ष उचलला, पण त्यामागची नोंदींची शिस्त मागेच ठेवली.

जुनं, दुर्मिळ, मौल्यवान: तीन वेगळे शब्द

आता पहिला आणि दुसरा मुद्दा. अमेरिकेतली ती विक्री खोटी नाही. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८ चा, किंमत १० सेंट. त्याची ८.५ श्रेणीची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलर्सला गेली. पण का गेली? तेव्हा हा अंक कोणी जपायचा म्हणून घेत नव्हतं. मुलांनी वाचला, फाडला, टाकला. मग दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यात गेले. उरल्या थोड्या प्रती. आणि ज्या पात्राची ही पहिली हजेरी, ते पात्र आजही जगभर चालू आहे.

आता याच सुपरमॅनचा दुसरा अंक घ्या, ७५ क्रमांकाचा, नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेला. त्यात सुपरमॅन मरतो. काळ्या पिशवीत सीलबंद करून विकला. लोकांनी रांगा लावल्या, एकेकाने पाच-पाच प्रती घेतल्या आणि पिशवी न फोडता कपाटात ठेवल्या, मुलांच्या शिक्षणाला होतील म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह निघाला होता, ८० लाखांवर प्रती. झालं काय? सगळ्यांनीच जपले, त्यामुळे दुर्मिळ राहिलेच नाहीत. पुढच्या काही वर्षांत हा सगळा फुगा फुटला, दुकानं बंद पडली आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. आजही हे अंक ढिगाने मिळतात.

म्हणजे गंमत बघा. जे जपण्यासाठी घेतलं नव्हतं, त्याला किंमत आली. जे किंमत येईल म्हणून जपलं, त्याची गेली. लेखात पहिलं उदाहरण आहे, दुसरं नाही. संशोधनात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

इंद्रजाल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतं. बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. ली फॉकचा फँटम म्हणजे आपला वेताळ हा पहिला नायक. मागाहून मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आले. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, आणि मालिकेला देशी नायक मिळाला. आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक असं होत १९९० मध्ये प्रकाशन थांबलं. एकूण आठशेच्या वर अंक, इंग्रजी, हिंदी, मराठीसह अनेक भाषांत.

आता विचार करा, 'जुनं इंद्रजाल' असा काही एकच माल आहे का? सुरुवातीच्या काळातला अंक आणि ऐंशीच्या दशकातला साप्ताहिक अंक, दोन्ही जुनेच. पण पहिल्याला नष्ट व्हायला वीस वर्षं जास्त मिळालेली आहेत. त्यात हे अंक सुट्टीत भाड्याने देणारी छोटी वाचनालयं गल्लोगल्ली होती. तिथला अंक पन्नास हातांतून जायचा, त्यावर शिक्का बसायचा, पाठीला खाकी कागद चिकटवला जायचा. घरातला अंक रद्दीत, रद्दीतला पुडीत. आपली रद्दी हीच आपली कागद गोळा करण्याची मोहीम, आणि ती रोजची.

पण दुर्मिळ म्हणजे मौल्यवान असंही नाही. अंबरनाथमध्ये विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना होता. नाक्याला अजून त्याचंच नाव आहे. माझ्या आईच्या वयाची मुलं काडेपेटीचे छाप जमवायची, खेळात जिंकायची, हरायची. आईचा छापांचा पुठ्ठ्याचा डबा अजून आहे. छाप जुने आहेत, टिकाऊ अजिबात नाहीत, आणि त्यातले कित्येक आता बघायलाही मिळत नाहीत. तरी 'याचे लाखो येतील' असा लेख छापांवर कोणी लिहीत नाही. दुर्मिळपणा म्हणजे फक्त पुरवठा. दुसऱ्या बाजूला मागणारा उभा नसेल तर एकमेव प्रतसुद्धा एक कागदच.

कागदाचं रसायनशास्त्र

हा भाग माझ्या विषयाचा, त्यामुळे थोडं रेंगाळते. लेखात 'अवस्था चांगली हवी' एवढं एक वाक्य आहे. खरं तर अर्धी किंमत त्या वाक्यात दडलेली असते.

स्वस्त कागद लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यात सेल्युलोजबरोबर लिग्निनही राहतं. प्रकाश आणि हवा लागली की लिग्निनचं ऑक्सिडेशन होतं आणि कागद पिवळा पडतो. हे नुसतं दिसण्याचं नुकसान. खरं नुकसान आम्लाने होतं. शाई पसरू नये म्हणून कागदाला राळ आणि ॲल्युमिनियम सल्फेट लावायची पद्धत होती, त्यातून कागद आम्लधर्मी होतो. आम्ल आणि ओलावा एकत्र आले की सेल्युलोजच्या लांब साखळ्या मध्येच तुटतात. या तुटण्यातून आणखी आम्लं तयार होतात, म्हणजे क्रिया स्वतःच स्वतःला ढकलत नेते. मग एक दिवस पान उलटताना कोपरा हातात येतो. तापमान वाढलं की वेगही वाढतो.

२०१४ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची ९.० श्रेणीची प्रत ३२ लाख डॉलर्सला विकली गेली, तेव्हा तिची पानं पांढरी राहिली होती. तिचा जो इतिहास सांगितला गेला तो असा, की पहिल्या मालकाने ती वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात देवदाराच्या पेटीत ठेवली होती. आता आपली बाजू बघा. नदीकाठचं गाव, चार महिने दमट हवा, मे महिन्यात पत्र्याखालचा माळा. त्यात कसर, वाळवी, गंजून कागदाला तांबडा डाग पाडणाऱ्या पिना. शिवाय प्रेमाने लावलेली चिकटपट्टी! ती वाळून पडते, पण तिचा डिंक कागदात उतरून पिवळा पट्टा कायमचा ठेवून जातो. काकांच्या ४३ पैकी ११ अंकांना चिकटपट्टी होती. काकांनीच लावलेली.

याचा अर्थ, 'अमुक क्रमांकाचा अंक' ही वस्तू नाहीच. 'अमुक क्रमांक, पानं पूर्ण, पाण्याचा डाग नाही, पिना मूळच्या' ही वस्तू आहे. तुमच्या संशोधनातलं एकक काय, हा प्रश्न इथे सुटतो. माझ्या एक्सेलमध्ये क्रमांक होता, अवस्था नव्हती. म्हणजे मी आंब्याची पेटी आणि आंब्याची कोय एकाच रकान्यात मोजत होते.

आठवणीला वय असतं

चौथा मुद्दा: भाव वाढतच जाणार. का जाणार, हे लेख सांगत नाही. मागणी कुठून येते ते बघू.

१९६४ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरीत आहे. १९९० ला दहा वर्षांचा असलेला पंचेचाळीशीच्या आसपास. इंद्रजाल लहानपणी हातात पडलेली सगळी माणसं साधारण या दोन वयांच्या मध्ये सापडतील. माणसाकडे स्वतःचे पैसे, थोडी सवड आणि लहानपणाची ओढ एकत्र येतात ती साधारण चाळिशी-पन्नाशीत. म्हणजे या गटातल्या शेवटच्या वाचकांचा ऐन काळ आता चालू आहे. पुढे काय? माझ्या विद्यार्थ्यांना वेताळ म्हटलं की विक्रम-वेताळ आठवतो, कवटीची अंगठी नाही. पिढी सरते, तशी तिची मागणीही सरते. जे संग्रह आज कपाटात आहेत ते उद्या मुलं विकायला काढतील, म्हणजे त्याच वेळी पुरवठा वाढेल.

हे माझं अनुमान आहे, सिद्ध केलेली गोष्ट नाही. पण त्याला निदान कारण जोडलेलं आहे. आणि चुकलंच तर कुठे चुकेल तेही सांगता येतं: वेताळावर एखादा गाजणारा सिनेमा आला, तर नवी मागणी तयार होईल. अमेरिकेत सिनेमाची घोषणा झाली की त्या पात्राच्या पहिल्या अंकाचा भाव चढतो आणि सिनेमा पडला की उतरतो. सुपरमॅनला प्रत्येक पिढीत नवा सिनेमा मिळाला. बहादूरला कोणी दिला?

भाषेचाही हिशेब आहे. फँटमचे चाहते ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनमध्ये भरपूर आहेत. तिथे दशकानुदशकं त्याची मासिकं निघतायत. त्यांच्यातल्या संग्राहकाला इंग्रजी इंद्रजाल वाचताही येईल. मराठी अंकाचं गिऱ्हाईक मात्र मराठी वाचणारंच, त्यातही लहानपणी मराठीतून वेताळ वाचलेलं. उलट बाजूने, मराठी प्रती कमी उरल्या असतील तर हट्टी संग्राहक जास्तही मोजेल. कोणता परिणाम मोठा, हे बसल्या जागी ठरवता येत नाही. त्यासाठी दोन्ही भाषांचे पटलेले भाव हवेत.

पुनर्मुद्रणाचंही तसंच. अमर चित्र कथा १९६७ पासून निघते आणि त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा छापल्या जातात. ज्याला गोष्ट वाचायची आहे त्याला नवी प्रत पुरते. पहिल्या आवृत्तीसाठी धडपडतो तो फक्त वस्तू हवी असलेला माणूस. वाचक आणि संग्राहक ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत, आणि लेखाने दोघांना एकाच रांगेत उभं केलंय.

मग नीट मोजायचं कसं?

यावर अर्थशास्त्रज्ञांनी बरंच डोकं खाजवलंय. विल्यम बॉमोल यांनी १९८६ मध्ये चित्रांच्या किमतींवर एक शोधनिबंध लिहिला. १६५२ ते १९६१ या काळात किमान दोनदा विकल्या गेलेल्या चित्रांच्या सहाशेच्या वर व्यवहारांवरून त्यांनी काढलेला महागाई वजा जाता वार्षिक परतावा होता ०.५५ टक्के. सरकारी रोख्यांत पैसे ठेवले असते तर जास्त मिळाले असते. तीच वस्तू पहिल्यांदा कितीला आणि दुसऱ्यांदा कितीला गेली, हे बघण्याच्या या पद्धतीत वस्तू बदलत नाही, हा मोठा फायदा. माझ्या आलेखात नेमकी वस्तूच बदलत होती.

दुसरी पद्धत म्हणजे किमतीचे घटक सुटे करणं. क्रमांकाचे किती, अवस्थेचे किती, भाषेचे किती, पहिल्या हजेरीचे किती, असं समीकरण मांडायचं. शेर्विन रोझेन यांचा १९७४ चा निबंध याचा पाया मानतात.

पण बॉमोलनाही तोच दुसरा प्रश्न विचारा. जी चित्रं एकदा विकली गेली आणि नंतर कोणी विचारलीच नाहीत, ती दुसऱ्यांदा लिलावात आली का? नाही. जी जळली, भिजली, ती? तीही नाहीत. म्हणजे ०.५५ सुद्धा वाचलेल्यांचाच आकडा. सगळी धरली तर तो आणखी खाली जाईल.

उल्हासनगरच्या दुकानात

सिनिअरच्या त्या प्रश्नानंतर मी उल्हासनगरला एका रद्दीवाल्याकडे गेले. तिथे दोन ढीग होते. एक किलोवर जाणारा आणि एक क्रमांकाने लावलेला. कोणत्या गिऱ्हाइकाकडे कोणते क्रमांक कमी आहेत ते त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. मी माझा आलेख दाखवला. तो हसला. "भाव तो मैं भी बोल सकता हूँ मॅडम, देनेवाला चाहिए." मग त्याने वही उघडून विचारलं, कोणते नंबर आहेत?

'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथले लोक स्वतःच सांगतात. नकलीवरून चालणाऱ्या या गावात मला खरा डेटा भेटला, तो असा. मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स कशी ओळखायची, मधली चार पानं दुसऱ्या अंकातली कशी असतात, हेही त्याने पाच मिनिटांत दाखवलं. त्याच्या वहीत आलेख नव्हता. पण पटलेले भाव होते, गिऱ्हाईक होतं आणि अवस्था होती. माझ्या चार महिन्यांच्या एक्सेलमध्ये यातलं एकही नव्हतं.

काकांच्या ४३ अंकांची मी नीट यादी केली. क्रमांक, पानं, पिना, डाग, चिकटपट्टी. वहीतल्या एका गिऱ्हाइकाला त्यातले नऊ हवे होते. आलेले पैसे ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांना पुरले. ऑपरेशनचे मुलानेच दिले, आणि काकांनी ते घेतले. चार महिने मी त्यांना चुकीचा आलेख दाखवून थांबवून ठेवलं होतं, तेवढे महिने ते दुखऱ्या गुडघ्याने जिना चढत होते. याचं मला अजून वाईट वाटतं. चुकीचा डेटा कागदावर राहत नाही, त्यावर विसंबून कोणीतरी निर्णय घेतं किंवा पुढे ढकलतं.

लेखाला एक श्रेय द्यायला हवं. त्याच्यामुळे लोक रद्दीत टाकण्याआधी ट्रंक उघडून बघतात. पण तो फक्त वाचलेल्या, दिसणाऱ्या आणि ओरडून सांगितलेल्या भावांवर उभा आहे. २००५ च्या पुरात घमेल्यांतून गेलेले शंभर अंक त्याच्या हिशेबात नाहीत. काकांच्या मात्र आहेत. त्यांना अजून क्रमांक आठवतात.

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या प्रस्तावातला मुख्य तक्ता घ्या आणि त्याखाली तीन ओळी लिहा. माझ्या यादीत यायला नोंदीला काय काय पार करावं लागतं? जे गळतं ते एकाच दिशेने गळतं का? आणि गळलेलं धरलं तर माझा निष्कर्ष कोणत्या बाजूला सरकेल? मुलाखतीत तो दुसरा प्रश्न आला, तर या तीन ओळी तुमच्याकडे असतील.

माझ्याकडे त्या नव्हत्या, म्हणून सांगतेय.